इथे थांबेल का?

बाई, तुम्ही आम्हाला दुसरं महायुद्ध शिकवत होतात त्या हिवाळ्याबद्दल मी आजवर कुणाशी नीट बोलले नाही. तुम्ही होतात तोवर तुमच्याशीही नाही. मी कॉलेजात असताना तुम्ही गेलात. आता माझी मुलगी दहावीत आहे आणि तिच्या पुस्तकात तोच धडा आलाय. अपमानाचा तह, बेकारी, हुकूमशहा, दुबळा राष्ट्रसंघ, सगळी कारणं एकाखाली एक. तिने ती एका संध्याकाळीच पाठ करून टाकली, आणि मला नवागामच्या शाळेतला आपला वर्ग आठवला.

भिंतीपलीकडे कापडाचे लूम खडखडत चालायचे, म्हणून तुम्हाला घसा ताणून बोलावं लागायचं. "कारणं पाठ करा, मार्क मिळतील," तुम्ही म्हणालात, "पण ही कारणं गोळा होत होती तेव्हा लोक रोज कामावर जात होते, पोरांची लग्नं करत होते, तेवढं विसरू नका." मग तुम्ही फळ्यावर युरोप काढलात. जर्मनीचं सैन्य ऱ्हाइनच्या काठी शिरलं, तुम्ही तेवढा भाग खडूने भरलात आणि विचारलंत, "आता इथे थांबेल?" आम्ही ओरडलो, "थांबेल, बाई!" मग ऑस्ट्रिया भरलात. मग झेकोस्लोव्हाकिया, आधी कडेचा पट्टा, नंतर उरलेला. प्रत्येक वेळी तोच प्रश्न आणि आमचं तेच उत्तर. शेवटी आम्ही हसायलाच लागलो. तुम्ही हसला नाहीत. "शहाणेसुरते पुढारीसुद्धा तेव्हा हेच म्हणत होते," एवढंच बोललात. पोलंड उद्या घेऊ म्हणालात. तो उद्या काही आला नाही. दंगलीत शहर पेटलं आणि शाळा बंद झाली.

पहिल्या दिवशी धूर लांब दिसतो, नदीच्या बाजूला. पप्पा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधून अर्ध्या पाळीतच परतलेत. गच्चीवर उभं राहून शेजाऱ्यांना सांगतायत, "तो भाग येगळाच शे, आपलाकडे काहीच नही." दुसऱ्या दिवशी धूर रेल्वेलाइनच्या अलीकडे आला. पप्पा तेच म्हणाले, फक्त हळू आवाजात. लूम बंद होते. इतकी शांतता मी त्या वस्तीत कधी ऐकली नव्हती. खाली नाक्यावर आमच्याच गल्लीतली पोरं घोळक्याने उभी होती आणि काहीतरी ठरल्यासारखी कमी बोलत होती.

त्या दुपारी तुम्ही आमच्या दारात आलात. मागे चाची, आपल्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या, आणि त्यांच्या दोन मुली. गल्लीत मुसलमानाचं घर ते एकच. तुम्ही पप्पांना म्हणालात, "भाऊ, माझी खोली रस्त्यावर आहे आणि मी यांच्याकडे जाते-येते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आजच्या दिवस ठेवा."

पप्पा चौकटीला धरून उभे. "आमनी एकच खोली शे, बाई. घरात पोरी शेतस. उद्या लोके माले काय म्हनतीन?"

तुम्ही वाद घातला नाहीत. धड्यातलं काही बोलला नाहीत. चाचींचा हात धरून वळलात, तेवढ्यात आई चुलीपासून उठली. पप्पांच्या हाताखालून वाकून बाहेर गेली आणि चाचींच्या धाकटीला कडेवर घेतलं. "या वो माय, मझार या," ती म्हणाली. पप्पांकडे तिने बघितलंही नाही. आत आल्यावर तिने चाचींना स्वतःचं लुगडं नेसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि कणकेची परात पुढ्यात दिली. चाची मळत राहिल्या. कणीक मऊ झाली तरी मळतच राहिल्या.

नाक्यावरची ती पोरं आली तेव्हा आईने दार अर्धं उघडलं. "धुळ्याची बहीण शे मनी," ती म्हणाली. त्यांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी मान हलवली. तेवढ्यावर पोरं पुढे गेली. तुम्ही मात्र चाचींच्या शिवणाच्या दुकानापुढे जाऊन उभ्या राहिला होतात, आणि त्या घोळक्यात तुमचे जुने विद्यार्थी होते. मला खिडकीतून ऐकू आलं. "बाई, तुम्ही घरी जा," त्यातला एकजण अगदी आदराने म्हणाला. तुम्ही हलला नाहीत. मग त्यानेच तुम्हाला ढकललं. तुमचा चष्मा गटारात पडला. दुकान फुटलं, लुटलं गेलं, मग पेटलं.

चाची मुलींना घेऊन ट्रकमधून गावी गेल्या त्या परत आल्या नाहीत. शाळा उघडली तेव्हा तुमच्या चष्म्याच्या काचेला तडा होता आणि धडा पोलंडपाशी होता. तुम्ही शिकवायला वळलात आणि थबकलात. मागच्या बाकावरच्या पोराच्या अंगात कोरा पांढरा शर्ट होता. त्याला गुंड्या लावायच्या राहिलेल्या, सेफ्टीपिना टोचलेल्या, खांद्यावर चाचींच्या निळ्या पेन्सिलीची खूण. तुम्ही ती पाहिलीत. मग पोलंड, फ्रान्स, रशिया, जपान, सगळं एका सुरात सांगून टाकलंत. शेवटी त्याच पोराने हात वर केला, "बाई, मग जिंकलं कोण?" तुम्ही खडू खाली ठेवलात. "परीक्षेत लिही, मित्रराष्ट्रं," म्हणालात, आणि खुर्चीत बसून राहिलात. तास संपायला अजून अवकाश होता.

आता मी त्याच शहरात, पर्वत पाटिया भागात राहते, बाई, चांगल्या बिल्डिंगमध्ये. फ्लॅट बघायला गेले तेव्हा आधी जिन्यातल्या पाट्या वाचल्या. वेळ आलीच तर यातलं कोण आसरा मागत माझ्या दाराशी येईल, याचा मनात अंदाज घेतला. हल्ली बातम्या लागल्या की शेजारी म्हणतात, आपल्याकडे तसं काही होत नाही, आणि मी मान हलवते. आई जशी उठली तशी मी उठेन का, ते मला सांगता येत नाही. तुम्ही समोर असतात तर मी हे बोलले नसते.