परतीची जाळी

१४ ऑक्टोबर

आलो एकदाचा. डुलुथच्या उतारावरचं हे दुमजली लाकडी घर आजपासून माझं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरोवर दिसतं आणि सरोवरात लोहखनिज नेणारी लांबलचक जहाजं. बंदराच्या बातम्या पाठवायला वर्तमानपत्रानं मला इथं नेमलं आहे. जहाज आलं की ‘आलं’ लिहायचं, गेलं की ‘गेलं’. मिनियापोलिसात सत्तावीस वर्षं नगरपालिकेच्या सभा ऐकलेल्या माणसाला हा वानप्रस्थच.

घर विकणाऱ्या व्हर्ना टुओमिनेनबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. किल्ल्या द्यायला स्वतः आल्या, सोबत खिमा आणि बटाट्याचे थर लावून भाजलेलं भलंमोठं भांडं. निरोपाला पाऊण तास लागला. या राज्यात दाराच्या मुठीवर हात ठेवून निदान चार वेळा ‘बरं, निघते आता’ म्हटल्याशिवाय निघणं अशिष्ट समजतात. तिसऱ्या खेपेला त्यांनी बजावलं की वरची मागची खोली रिकामीच राहणार असेल तर तिच्या जमिनीतली गरम हवेची जाळी बंद ठेवा. रिकाम्या खोलीला कशाला ऊब? भिंती काय कुडकुडतात?

मी हसलो. मार्चनंतर बहुधा पहिल्यांदाच.

२० ऑक्टोबर

हिवाळ्याआधी भट्टी तपासायला ऑरिन माकी आला. साठीचा फिनिश गडी. हवामानावर बोलणंसुद्धा उधळपट्टी मानणारा. पण तळघरात भट्टीपुढे उभा राहिला आणि त्याचा कीर्तनकार झाला. भट्टीच्या लोखंडी पोटात गॅस जळतो. तिच्या डोक्यावर पत्र्याची मोठी पेटी आहे, तिला तो प्लेनम म्हणतो. तापलेली हवा आधी तिथं जमते आणि मग पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांच्या जाळ्यांशी जाते. जिन्याच्या पायाशी एक रुंद जाळी आहे, परतीची, ती मात्र उलट्या स्वभावाची. ती देत नाही, ओढते. घरातली गारठलेली हवा तिथून खाली उतरते, गाळणीतून भट्टीपाशी जाते, तापते आणि पुन्हा वर येते. म्हणजे हिवाळाभर फिरते ती बहुतेक तीच ती हवा.

मी म्हटलं, म्हणजे प्राण आणि अपान. तो म्हणाला, तुला काय म्हणायचं ते म्हण, पण गाळणी महिन्याच्या महिन्याला बदल.

जाताना त्यानं वरची बंद जाळी पाहून तोंड वाकडं केलं. इथली प्रत्येक म्हातारी हेच करते म्हणाला. वाटतं गॅस वाचला. एखादी जाळी चालून जाते. पाच-सहा बंद केल्या की हवेला वाट उरत नाही, भट्टी स्वतःच्याच उष्णतेत भाजते आणि तिच्या पोटाला चीर पडते. मग जळक्या गॅसचं विष सरळ घराच्या हवेत. त्याला ना रंग ना वास.

“नाक-तोंड दाबून कुणाला पळायला लावशील का रे?” त्यानं विचारलं. नाही म्हटलं. त्याला बरं वाटलं.

३ नोव्हेंबर

फोन चार्ज करायची सोय नेमकी जिन्याच्या पायाशी, त्या ओढणाऱ्या जाळीच्या वरच आहे. त्यामुळे संध्याकाळची कॉफी तिथंच, शेवटच्या पायरीवर. आणि कॉफीबरोबर माझ्या बायकोचा, सिग्नेचा, फोनवर उरलेला निरोप.

अकरा सेकंदांचा आहे. “पंडित, मीच. हवा तेवढा उशीर कर, तुझी खोडच आहे ती. पण आलास की आधी—” पुढं काहीतरी पडल्याचा आवाज.

मी तेव्हा गाड्या उभ्या करण्याच्या दंडावर चाललेली सभा टिपून घेत होतो. फोन मुका करून खिशात. तीन तासांनी घरी गेलो. ती स्वयंपाकघरात जमिनीवर होती. शेगडी तिनं बंद केलेली, वर दूधभाताचं पातेलं करपून काळं झालेलं. डोक्यातली शीर फुटली, तत्काळ गेली, असं डॉक्टर म्हणाले. ‘तत्काळ’ हा शब्द त्यांनी माझ्या हातावर प्रसादासारखा ठेवला.

सव्वीस वर्षांच्या संसारातलं शेवटचं वाक्य, आणि ते अर्धं. आलास की आधी काय? जवळ ये? माझ्याशी बोल? आठ महिने मी ते वाक्य पुरं करतो आहे. एकही शेवट तिच्या तोंडी शोभत नाही.

१९ नोव्हेंबर

शून्याखाली पाच. पाहुण्यांची आणि जेवणाची, दोन्ही खोल्यांच्या जाळ्या बंद केल्या. पाहुणे नाहीत आणि मी जेवतो ओट्यापाशी उभ्यानं. व्हर्नाबाईंचं तत्त्वज्ञान पटू लागलं आहे.

दुपारी लिहायच्या खोलीत बसलो होतो. भट्टी लागली, टेबलाखालच्या जाळीतून ऊब आली आणि उबेबरोबर तिचा आवाज. पंडित, मीच. फोन खाली जिन्यापाशी होता, बंद. जाऊन पाहून आलो. परत येईपर्यंत आवाज ‘आलास की आधी’पर्यंत पोचला होता.

तिथं थांबला नाही. पुढं एक शब्द आला. “त्या.”

बातमीदाराच्या शिस्तीनं नोंदवतो: शुद्धीवर होतो, प्यायलो नव्हतो. डोकं जरा जड आहे, ते थंडीचं.

५ डिसेंबर

निजायची खोलीही बंद केली. दोघांच्या पलंगावर एकट्यानं झोपून काय साधायचं? लिहायच्या खोलीत गादी टाकली आहे. जितक्या जाळ्या बंद, तितका इथला झोत जोराचा आणि आवाज स्वच्छ. आज आणखी एक शब्द आला. “सगळ्या.”

आलास की आधी त्या सगळ्या.

सगळ्या काय, सिग्ने?

वेलदोड्याचा पाव घेऊन व्हर्नाबाईंच्या वृद्धाश्रमात गेलो. हे घर कधी बोलायचं का, असं हसत हसत विचारलं. त्या हसल्या नाहीत. मागची खोली त्यांच्या नवऱ्याची, आइनोची, आजारपणातली. तो गेल्यावर त्या रोज जिन्याच्या पायाशी उभ्या राहून त्याला निरोप द्यायच्या. एका हिवाळ्यात त्याच्या खोलीच्या जाळीतून उत्तर आलं. म्हणून ती बंद केली.

मी विचारलं, आवाज त्याचा नव्हता का? त्याचाच होता, त्या म्हणाल्या. म्हणूनच. “उत्तरं ऐकत बसलं ना, की माणूस जेवायचं विसरतो. तुम्ही किती वाळलात, पाहिलंत का?” पावाचा शेवटचा तुकडा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. इथं शेवटचा तुकडा कुणी कुणाला देत नाही. तो ताटात वाळेपर्यंत सगळे ‘तुम्ही घ्या’ म्हणतात. त्यांनी माझ्या हातातच दिला.

२३ डिसेंबर

स्वयंपाकघर आणि न्हाणीघरही बंद. आता सगळ्या घराला एकच तोंड उघडं आहे, ते माझ्या टेबलाखालचं.

पुढचा शब्द येत नाही. ‘सगळ्या’नंतर तिचा श्वास येतो. नुसता श्वास. बोलण्याआधी ती घ्यायची तसा. मग भट्टी थांबते.

हल्ली भट्टी लवकर थांबते. पेटते, धापा टाकते, थांबते. सकाळी ओकारी आली. जहाजांच्या दोन बातम्या चुकल्या. संपादकानं विचारलं, बरा आहेस ना?

बाहेर गेलो की डोकं हलकं होतं. म्हणून बाहेर जात नाही.

१३ जानेवारी

भिंतीवरचा विषारी हवेचा गजर सकाळी कोकलला. ऑरिन आला. खाली गेला, वर आला, एकेक जाळी पाहत गेला. सहा बंद. मग माझ्याकडे पाहिलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, तुला सांगितलं होतं रे बाबा.

भट्टीच्या पोटाला बोटभर चीर आहे. त्यानं गॅसची कळ बंद केली, ‘पेटवू नये’ अशी लाल चिठ्ठी लावली, सगळ्या जाळ्या उघडल्या, विजेच्या दोन शेगड्या ठेवल्या. नवी भट्टी गुरुवारी. तोवर माझ्याकडे चल, बायको म्हणते पंगतीला एक पान वाढलं तर काय झालं. दारात चार वेळा म्हणाला. मी चारही वेळा उद्या म्हटलं.

गुरुवारी जुनी पेटी निघेल. नळ्यासुद्धा साफ करणार म्हणे. मोठ्या यंत्रानं. आत जे असेल ते सगळं—

१४ जानेवारी

जाळ्या पुन्हा बंद केल्या. सहाही.

घर मुकं. शून्याखाली बावीस. शेवटचं जहाज काल गेलं. गेलं, असं लिहून पाठवलं.

एकदाच. तिचं एक वाक्य ऐकेन आणि ऑरिनकडे जाईन. कोट दाराशी काढून ठेवला आहे.

१५ जानेवारी, सकाळ

गजराच्या बॅटऱ्या काढल्या. खाली जाऊन गॅसची कळ फिरवली. पेटली.

ऊब येते आहे. हात उगीच मोठमोठे वाटतात — अक्षर पाहा —

आली. पंडित, मीच. — हो. — हवा तेवढा उशीर कर —

केला गं. केलाच.

आलास की आधी त्या सगळ्या — श्वास —

“खिडक्या उघड. घरभर करपट वास भरलाय.”

एवढंच! दूधभात! दहा महिने मी — आणि तू — हसू येतंय. तुझंच वाक्य. दुसऱ्या कुणाचं असणार —

पुन्हा म्हणतेय. आता ओरडून. पंडित, ऊठ. आधी खिडक्या —

उठतो. पाय — पाय कुठं — खिडकी चार हातांवर. दिसतेय. बर्फ किती पांढरं — ती रडतेय का — रडू नकोस, हा बघ उठलो, आलोच, आधी खि