ऋण संख्येने भागताना

४ मार्च, बुध.
शिरूरचा क्लास बंद. बिबट्या पुन्हा दिसला, म्हणून संध्याकाळच्या एसटीने पोरं पाठवायला कुणी तयार नाही. आबांनी जेवताना फर्मान काढलं, "मनीषा, तू बारावी सायन्स हायेस ना? मग दोघांस्नी तूच शिकव." लग्न होऊन आल्यापासून ह्या सुनेची बारावी कुणाला आठवली नव्हती. दोघं म्हणजे माझी ऋतू आणि जाऊबाईंचा शंभू. दोघंही आठवीत. महिनाअखेर शिरूरच्या वसतिगृहवाल्या शाळेची प्रवेशपरीक्षा.

९ मार्च, सोम.
शंभू म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ३x + ५ = २० दिलं, तर पठ्ठ्याने ३ नि ५ मिळवून ८x केलं. ऋतू फिदीफिदी हसली, तिला दटावलं. मग ताळा शिकवला. आलेलं उत्तर मूळ गणितात घालायचं, दोन्ही बाजू जुळल्या की बरोबर. हे मात्र पोराने उचललं. प्रत्येक गणिताखाली जीभ बाहेर काढून ताळा करत बसतो. ऋतू करत नाही. गरज वाटत नाही बाईसाहेबांना. माझ्यावर गेलीय.

१३ मार्च, शुक्र.
शंभूला कंस सुटायला लागले! त्या आनंदात कांदा काढणाऱ्या बायकांचा चहा न्यायचा राहिला. जाऊबाई बोलल्या. बोलू देत.

१९ मार्च, पाडवा
पोळ्यांच्या पंगतीत, पाहुण्यांसमोर आबा: "त्या शाळंत एकालाच ठिवायचं. दोघांचं झेपायचं न्हाई. परीक्षेत जो वर यील त्यो जाईल." ऋतूने माझ्याकडे बघितलं. ह्या घरात न्याय आहे असं पहिल्यांदाच वाटलं.

२१ मार्च, शनि.
कसला न्याय. हे रांजणगावच्या कंपनीतली पाळी करून आले, त्यांनी हळूच सांगितलं. दोघं पास झाली तर मार्क कुणी बघणार नाही, शंभूच जाणार. आबांचं नि थोरल्या दिरांचं आधीच ठरलंय.
"मग ऋतूला कशाला बसवता?"
"तिचं मन राहावं म्हणून."
"आन् शंभू नापास झाला तर?"
"मग ऋतूच. आबांनी चारचौघांत शब्द टाकलाय, मोडता यायचा न्हाई."
माहेरी, राहू गावाला, माझे वडीलही असंच म्हणाले होते. दौंडच्या कॉलेजात नाव घाल, तुझं मन राहील. नाव घातलं. वैशाखात लग्न लावून दिलं. मन राहिलं तिथंच.

२३ मार्च, सोम.
असमानता काढली. −२x < ६. ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं, म्हणून x > −३. ऋतूला हे सकाळी सांगितलं, तिला लगेच कळलं.
संध्याकाळी शंभूला बाकी सगळं सांगितलं. चिन्ह उलटतं एवढंच सांगितलं नाही. त्याने x < −३ लिहिलं. मी बरोबरची खूण केली. हात थरथरला असता तर बरं वाटलं असतं.

२५ मार्च, बुध.
"काकी, ताळा जुळंना."
x च्या जागी उणे पाच घालून बघितले त्याने. दहा येतात. दहा सहापेक्षा लहान कुठं हायेत, म्हणाला. ह्याच महिन्यात ८x करणारं पोर हे. आपलं आपण शोधून काढलं. पाठ थोपटायची वेळ होती.
मी म्हणाले, "ह्या गणितांना ताळा नसतो."
"व्हय का?" म्हणाला, आणि ताळा खोडून टाकला. रबराने, नीट, कागद फाटू न देता.
राग आबांवर, दिरांवर, खाली मान घालून सगळं ऐकून घेणाऱ्या ह्यांच्यावर. काढतेय कुणावर? लाज वाटते. तरी उद्या जाऊन सांगेन असं काही मनात येत नाही.

२७ मार्च, शुक्र.
जाऊबाईंनी आज माझ्या वाटच्या भाकरी थापल्या. "तू पोराला घिऊन बस, चुलीचं मी बघते." कधी नव्हे ते. शंभूची वही घेऊन बसले.

२८ मार्च, शनि.
भांडी घासत होते. ऋतू येऊन उभी राहिली.
"आई, शंभूची चिन्हं चुकतायत. तू त्याला सांगितलं न्हाईस?"
"सांगितलं असंल. विसरला असंल."
"त्यो सावकाश शिकतो. पण विसरत न्हाई."
कोण जाणार, कसं ठरलंय, तिला सगळं माहीत आहे. भिंती काय, पत्र्याच्याच.
"मी सांगू का त्याला?"
तिच्या हातात वाळलेली ताटं दिली, म्हटलं मांडणीत लाव.

२९ मार्च, रवि.
सकाळी दीर दोघांना गाडीतून घेऊन गेले. मागच्या सीटवर दोघं शेजारी, मांडीवर एकच वही. काच वर होती.
दिवसभर कांद्याच्या पाती कापल्या. दुपारी जेवले नाही.
चारला आली. शंभू पाया पडला. "काकी, सोपा व्हता पेपर." ज्याला येतं त्यालाही सोपा, आणि आपलं चुकतंय हे ज्याला ठाऊकच नाही त्यालाही. चेहऱ्यावरून काही कळेना.
ऋतूला मोरीपाशी गाठलं. "सांगितलंस त्याला?"
तिने तोंड धुतलं, पुसलं. "आता मला इचारू नको. मी तुला इचारलं व्हतं, तवा तू ताटं दिलीस."
निकाल पुढच्या महिन्यात. आत्ता दोघं ओट्यावर प्रश्नपत्रिका पसरून उत्तरं पडताळतायत. दारापर्यंत गेले होते. शंभू म्हणत होता, "ह्या उणे दोनवाल्याचं तुझं काय आलं?"
ऋतू बोलायच्या आत मी मागे फिरले.