बसवलेली सोळा, वापरात आठ

३० नोव्हें., रवि.
वैशालीचा संगणक आज चालू केला. ती गेल्यापासून कोणी हात लावला नव्हता. सौ. वरून पुसायची, तेवढंच.
तिच्या कॉलेजचे देशमुख सर फोनवर होते. चारठाण्याच्या मंदिराचे शेकडो फोटो जोडून तिने संगणकात अख्खं मंदिर उभं केलं आहे. ते तिच्या नावाने प्रदर्शनात ठेवायचं म्हणतात. पण ते उघडणारा प्रोग्रॅम फक्त तिच्याच मशीनवर. तिथे उघडून, फाइलचं रूप बदलून मग पाठवायचं.
फाइल सापडली. उघडताना अर्ध्यात थांबते. मेमरी अपुरी, असं येतं आणि सगळं बंद.
मी ते मंदिर अजून पाहिलेलं नाही. तिने केलेलं.

२ डिसें., मंगळ.
मशीनच्या माहितीत लिहिलंय: बसवलेली मेमरी १६. कंसात, वापरण्याजोगी ७.९. म्हणजे काय? आहे म्हणायचं की नाही?
मेमरीची आठची एक पट्टी आधीची. दुसरी तिने दसऱ्याच्या तोंडावर आणली, याच कामासाठी. पूजेशिवाय नवी वस्तू लावायची नाही, म्हणून सौ.ने ती पाटावर ठेवायला लावली. दसऱ्यानंतर तिने स्वतः बसवली. "बाबा, आता बघा कसं पळतंय." पळालं का, ते विचारायचं राहिलं. मग ताप, मग दवाखाना.

३ डिसें., बुध.
ऑफिसमधून येताना मुजीबभाईंच्या दुकानात. संगणक दुरुस्तीचं जुनं दुकान.
"सोळा दाखवायलंय अन् आठच घ्यायलंय? विंडोज बत्तीस बिटचं असंल."
चौसष्टचं आहे, पाहूनच गेलो होतो.
"मग फॉरमॅट मारू साहेब. इंजेक्शनवानी काम करतंय."
तिचा प्रोग्रॅम राहील का?
"त्यो जाईल. बाकी समदं ठीक."
उद्या बघू म्हणून उठलो.

७ डिसें., रवि.
मुजीबभाईंनी फोनवर सांगितलं तसं केलं. 'बूट'मध्ये कमाल मेमरीची खूण असेल तर काढा. खूण नव्हतीच. मी घातली आणि काढली. फरक नाही.
मशीन सुरू होताना जो निळा पडदा येतो, तिथेही दुसरी पट्टी आहे असंच लिहिलंय. सगळीकडे आहे. फक्त कामाला नाही. काही कळत नाही.
सौ. म्हणाली, "दिवसभर त्या डब्यात तोंड घालून बसलाव. निदान जेवून तरी बसा."
ती रोज विचारते, उघडलं का. आज विचारलं नाही.

१० डिसें., बुध.
मुजीबभाई घरी आले. पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. पहिल्या खाचेत कोणतीही पट्टी घाला, चालते. दुसरीत कोणतीच नाही.
"पट्टी चांगली हाय साहेब. बोर्डच गेला." मग नमाजची वेळ झाली म्हणून गेले.
सौ. चहाचे कप उचलताना: "दोघं दोन बाजूंनी बघत होताव, तरी दिसंना का काय?"
कॅबिनेटची एक बाजू उघडीच असते. उन्हाळ्यात तापतं म्हणून वैशालीने झाकण काढून टेबलफॅन लावला होता. झाकण परत लागलंच नाही. बॅटरी मारून दुसऱ्या खाचेत बघितलं. तळाशी लाल काहीतरी. चिमट्याने काढलं.
अक्षत. कुंकवाचा तांदूळ.
दसऱ्याला सौ.ने पुस्तकांबरोबर मशीनचीही पूजा केली, उघड्या बाजूने आत अक्षता टाकल्या. वैशाली म्हणाली होती, "आई, त्याला बाहेरूनच हात जोड गं."
पट्टी बसवली. १५.९.
स्वयंपाकघरातून सौ.ने विचारलं, "काय निघालं?"
धूळ, म्हणालो.
दाणा कुठे टाकावा कळेना. शर्टाच्या खिशात आहे.

११ डिसें., गुरु.
उघडलं. बराच वेळ घेतला, पण उघडलं.
माउसने फिरवलं की मंदिर फिरतं. वर छत अर्धं आहे, पुढे नुसतं पांढरं. तिचं राहून गेलं की असंच असतं, माहीत नाही.
सौ. शेजारी बसली. एकदा ती वैशालीबरोबर तिथे गेली होती. "ह्या खांबापाशी आमी डबा खाल्ला."
खांबाच्या पायाशी दगडावर काळा डाग आहे. सौ. म्हणाली, "ही वैशूची सावली. हात वर केलाय बघा, फोटो काढायलीय."
मला तसं वाटतं. थोडं फिरवलं की झाडाची फांदी वाटते. परत फिरवलं की हात.

१४ डिसें., रवि.
सरांना फोन केला. खूश झाले. छत अर्धं आहे ते चालेल म्हणाले. "फक्त सावल्यांचे डाग तेवढे पुसून घ्या. नाहीतर मॉडेल मळकं दिसतं. बटण उजवीकडे आहे, सोपंय."
बरं म्हणालो. उद्यापर्यंत हवंय त्यांना.
सौ.ला सांगितलेलं नाही. काय सांगायचं? सावलीच आहे का, तेच मला अजून...
बटण सापडलं आहे. सौ. खुर्ची ओढून खांब बघत बसली आहे. माउस तिच्याच हातात दिला आहे.