सुमीला तुझं नाक हवं होतं

प्रिय आई,

काल सुमीच्या नाकावरचं प्लास्टर निघालं! बाबांना फोन केला, मामाला केला, खोलीच्या मालकिणीला पेढा दिला, तरी आनंद पोटात मावेना. मग लक्षात आलं, जिला सगळ्यात आधी सांगायचं तीच राहिली. म्हणून लिहायला बसलो. आठवीतून पळालेल्या पोराचं अक्षर आहे, चालवून घे.

सुमीचा फाटलेला ओठ शिवला तेव्हा ती तान्ही होती. तू तिला मांडीवरून खाली ठेवत नव्हतीस, असं बाबा अजून सांगतात. नाकाचं मोठी झाल्यावर बघू, असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते. ती मोठी झाली आणि तू देवाघरी निघून गेलीस. जरा थांबली असतीस तर काय बिघडलं असतं गं?

दोन नाकपुड्यांच्या मधे खाली छोटा खांब असतो ना, त्याला इथल्या, दिल्लीच्या डॉक्टर मॅडम कॉल्युमेला म्हणतात. आपण काहीच म्हणत नाही, कारण तो सरळ असला की कुणाचं लक्षच जात नाही. सुमीचा आखूड होता आणि एका अंगाला कललेला, म्हणून डावी नाकपुडी चपटी बसलेली. समोरून फार कळायचं नाही, पण मान वर केली की दिसायचं. मग तिनं मान वर करणंच सोडलं. पाणीसुद्धा भिंतीकडे तोंड करून प्यायची.

आणि तू? पाहुणे आले की तिला चहाला आत पाठवायचीस. नजर लागते म्हणायचीस. आई, खरंच नजरेची भीती होती का गं?

मी कुठे टिकत नाही हे तुला माहीतच आहे. पानिपतला ब्लँकेटच्या कारखान्यात होतो, तिथून पळालो. आता दिल्लीत सरोजिनी नगरला कपड्यांच्या दुकानात आहे. दिवाळीला सुमीला दिल्ली दाखवायला आणली आणि काही न सांगता थेट मोठ्या दवाखान्यात नेली. रिक्षातून उतरल्यावर ती माझ्यावर अशी भडकली! "दादा, लाल किल्ला म्हणाला होतास ना? हा लाल किल्ला आहे?"

पण आत मॅडमनी विचारलं, कसं नाक हवंय? तर पोरगी पटकन बोलली, "मेरी आई जैसा." मॅडम हसल्या. म्हणाल्या, इथे सगळ्या हिरोइनचे फोटो घेऊन येतात, तू आईचा घेऊन ये.

आता ऐक तुझा पराक्रम. बाबांकडून तुझे सगळे फोटो मोबाइलवर मागवले. लग्नातला, हळदीकुंकवाचा, मामाच्या वास्तुशांतीचा. एकूण एक फोटोत नथ! तीही केवढी मोठी, मोत्यांची, अर्धा ओठ झाकणारी. अगं, आधार कार्डाच्या फोटोलाही नथ घालून गेलीस? नथीशिवाय फोटो म्हणजे जसा काही अपशकुनच!

मॅडमनी फोटो मोठा केला, लहान केला, आडवा केला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भैया, मैंने नाक का फोटो माँगा था, गहने का नहीं."

सुमीचा चेहरा पडला. तेवढ्यात मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुम किस पे गए हो?"

माझ्या आधी सुमीच ओरडली, "आई पे! बिल्कुल आई पे! सब बोलते हैं."

"चलो, सर ऊपर करो."

मग काय! मला खुर्चीवर बसवलं, मान मागे, नाकात बॅटरी. खालून फोटो, बाजूनं फोटो. दोन शिकाऊ डॉक्टरही वाकून बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यात एवढं बघण्यासारखं शोधलं! सुमी कोपऱ्यात तोंडावर ओढणी धरून हसत होती. मॅडमनी मात्र बजावलं, "हूबहू नहीं बनेगी. इसके चेहरे पे जो जँचेगी, वही बनाऊँगी."

ऑपरेशनच्या दिवशी सुमीला आत नेलं तेव्हा ती माझा हात सोडेचना. "दादा, बिघडलं तर?" मी म्हणालो, "बिघडलं तर माझं काढून तुला लावू." नर्सबाईंना मराठी कळत नव्हती, पण सुमी हसली म्हणून त्याही हसल्या. दार बंद झालं. त्या वेळी तू हवी होतीस. फार हवी होतीस.

कानामागून मऊ हाडाचा तुकडा काढून नाकात टेकू दिलाय. सुमी म्हणते, आता तिला नाकानंही ऐकू येणार.

काल प्लास्टर काढलं. नाक सुजलेलं, खाली टाक्यांची लाल रेघ, पण खांब सरळ! मॅडमनी आरसा दिला. सुमीनं आधी समोरून पाहिलं. मग हळूच मान मागे टाकली आणि खालून पाहिलं. बराच वेळ. मला वाटलं, रडते की काय. तर म्हणाली, "दादा, तुझ्यापेक्षा माझं चांगलं झालंय." मग रडलो तो मीच, सगळ्या वॉर्डासमोर!

तुझी नथ तिच्यासाठी ठेवलीय, हे बाबांनी सांगितलंय. पण टोचायला अजून बरेच महिने परवानगी नाही. आणि परवानगी मिळाली तरी टोचायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल. रागावू नकोस. इतके दिवस नाक झाकलं, आता जरा मोकळं राहू दे की!

वचन देतो ते एवढंच. सूज पूर्ण उतरायला वर्ष लागेल म्हणतात. तोवर मी हे काम सोडणार नाही आणि दिल्लीही. प्रत्येक तपासणीला तिच्याबरोबर जाईन. आणि कुणी पाहुणा आला, तर चहा मी करीन, सुमी बाहेर बसेल.

तुझं नाक घेऊन गावभर फिरणारा,
गणू