उंदीर भाऊबंदकीत घेतल्याबद्दल खुलासा

धुळे,
भाद्रपद, गणपती उठल्यावरचा मंगळवार

तीर्थस्वरूप नानांच्या पायांशी,

धाकट्या भावाचा, झुलालचा साष्टांग नमस्कार (हात दोनदा साबणाने धुऊन मग घातला आहे, तेव्हा पाय मागे घेऊ नयेत). तुम्ही सगळे खुशाल असाल. वहिनींचा गुडघा काय म्हणतो? केळीवर यंदा करपा पडला नाही ना? तुमच्या शुगरची चौकशी करत नाही, कारण तुम्हाला शुगर नाही, हे तुम्ही एकदाही न तपासता गेली बारा वर्षं सांगत आला आहात. फोन तुम्ही उचलत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलं आहे (ते तुम्हाला येत नाही, नातवाच्या हातून करून घेतलेलं दिसतं), म्हणून पोस्टाचं तिकीट लावून लिहितो आहे. पत्र वहिनींनी मोठ्याने वाचावं. तुम्ही नेहमीप्रमाणे ओट्यावर पाठ करून बसा. पाठ तिकडे असली तरी कान इकडे असतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

विषय असा की निंबा परवा चोपड्याहून तुमचा निरोप घेऊन आला. आपला हा चुलतभाऊ चहा घेण्याआधी निरोप देतो, म्हणजे निरोप वाईट आहे हे तेव्हाच कळलं. त्याने तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले: ‘झुल्याले सांगी दे, तो कानबाईना रोट उंदीरस्ले चारस. पुढला सालपाईन आम्हनी कानबाई येगळी.’ नाना, मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण त्या शेवटच्या वाक्यावर मी निंबाला चहा विचारायचाच विसरलो. शेत वेगळं झालं, चूल वेगळी झाली, तेव्हा कोणी रडलं नाही. पण पंजोबांपासून आपल्या घराण्याची कानबाई एक, श्रावणात त्या देवीसाठी सगळे भाऊबंद एका घरी जमतात. ती वेगळी झाली की भाऊबंद उरले फक्त सुतकापुरते. म्हणून खुलासा करतो. जे ऐकलं ते खरं आहे, पण पूर्ण नाही, आणि निंबाच्या तोंडून आलेलं असल्याने त्याला फोडणी बसलेली आहे.

आधी माझ्या नोकरीबद्दल, कारण ‘झुलाल कॉलेजात आहे’ एवढंच तुम्ही सोयरिकीच्या बैठकीत सांगता आणि मी प्रोफेसर आहे असा समोरच्याचा समज होऊ देता. मी औषधशास्त्राच्या कॉलेजात प्रयोगाचे उंदीर सांभाळतो. भुसा बदलणे, पाणी भरणे, वजन करणे. सध्या तिथे संघमित्रा मॅडमचा प्रयोग चालू आहे. चाळीसगावची पोरगी, वयाने माझ्या योगेंद्रएवढी, मला काका म्हणते, आणि पीएच.डी.साठी शुगरच्या आजारावर काम करते. तिने मला पहिल्याच दिवशी समजावलं की हा आजार एका कारणाने होत नाही. खाणं, बसून राहणं, मनाचा ताण, आईबापाकडून आलेलं, अशी पाच-सात कारणं एकत्र येतात आणि मग तो होतो. माणसात ही कारणं एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की कुठल्या कारणाने किती केलं, ते सोडवता येत नाही. म्हणून उंदीर घ्यायचे, त्यांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला एकच कारण द्यायचं. एका गटाला तूपसाखरेचं खाद्य. एका गटाला नुसता ताण (पिंजरा तिरपा ठेवायचा, भुसा ओला करायचा, म्हणजे भाड्याच्या खोलीत पावसाळा काढल्यासारखं). एका गटाला दोन्ही. आणि एका गटाला काहीही नाही: कोरडं खाद्य, साधं पाणी, सरळ पिंजरा. हा शेवटचा गट सगळ्यात महत्त्वाचा, कारण बाकीच्यांची तुलना त्याच्याशी करायची. एकेका गटात बारा उंदीर, आणि सगळे नर. हे नर असणं लक्षात ठेवा, माझा सगळा बचाव त्यावर उभा आहे.

आता तुम्हीच सांगा, हा बिनकारणाचा गट बघून माणसाला काय वाटेल? एकाच खोलीत, एकाच मांडणीवर, शेजारच्याला तूप आणि याला कोरडं! आपल्याकडे पंगतीत असा दुजाभाव केला तर वाढप्याच्या हातातून भांडं काढून घेतात. आई म्हणायची, पंक्तिप्रपंच करणाऱ्याला सात जन्म ताट मिळत नाही. मी हे मॅडमला बोललो, तर ती हसून म्हणाली, काका, इथे पंक्तिप्रपंच हाच प्रयोग आहे. मला ते काही पटलं नाही, पण नोकरी कंत्राटी असल्याने गप्प बसलो.

यंदा कानबाई बसवायची पाळी माझी होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या हिने, लताने, आठ दिवस आधी घर सारवल्यासारखं पुसून काढलं (फरशीला सारवता येत नाही म्हणून). मी रीतीने घराण्यातले पुरुष मोजून माणशी सव्वा मूठ गहू काढले. तुम्ही येणार नाही असं निंबा म्हणाला होता. पण माणूस रुसला म्हणून गहू कमी काढायचे ही रीत आपल्यात नाही, तेव्हा तुमच्या घरचे पाचही पुरुष मोजले. रविवारी कानबाई बसली, त्या गव्हाचे पुरणाचे रोट झाले, गंगाफळाची भाजी झाली, खीर झाली. लता दर दहा मिनिटांनी गॅलरीत जाऊन चोपड्याची गाडी येते का बघत होती. (बसस्टँड आमच्या गॅलरीतून दिसत नाही. तरी बघत होती.) कोणी आलं नाही. सोमवारी बाईला पांझरा नदीत निरोप दिला, योगेंद्र नाशिकला ड्यूटीवर गेला, निंबा जेवून हात पुसत गेला, आणि घरात मी, लता आणि रोटांचा भरलेला डबा उरलो.

पुढची अडचण तुम्हाला सांगायला नको. रोट भाऊबंदाखेरीज कोणी खायचे नाहीत. शेजाऱ्याला नाही, सोयऱ्याला नाही, गाईला नाही, टाकायचे तर नाहीतच, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. मी सोमवारी रात्री खाल्ले, मंगळवारी सकाळी खाल्ले, मंगळवारी दुपारी माझ्या पोटाने संप केला. लताने तर रोटाचा डबा दिसला की देवघरात जाऊन बसायचं ठरवलं. तरी अकरा उरले. बुधवारी मी त्यांचा डबा कॉलेजात नेला, म्हटलं मोकळ्या हवेत तरी जातील. उंदरांच्या खोलीशेजारी बसून झाकण उघडलं. वेलचीचा वास सुटला, आणि नाना, खोटं सांगत नाही, ते कोरडं खाणारे बाराच्या बारा उंदीर मागच्या पायांवर उभे राहिले आणि माझ्याकडे बघू लागले.

मी विचार केला (इथेच माझं चुकलं, विचार करायला नको होता). सहा महिने यांना मी सांभाळतो. माझा आवाज ओळखतात. मी आलो की पुढे येतात. भाऊबंद म्हणजे तरी कोण? जेवायच्या वेळी पंगतीला हजर असतो तो. जे हजर असायला हवे होते ते नव्हते, आणि जे हजर होते ते उपाशी नजरेने बघत होते. शिवाय बाराही नर, म्हणजे मोजणीत बसणारे. मी हात जोडून कानबाईला सांगितलं की बाई, हे बारा जण आजपासून आपले, यांना घराण्यात घे. मग रोट कुस्करून पिंजऱ्यांत घातला. तूपवाल्यांना दिला नाही, कारण त्यांना रोजचंच तूप. पौर्णिमेपर्यंत रोज असं केलं आणि अकराचे अकरा रोट मार्गी लागले. बठ्ठा संपना, सगळं संपलं, एक कणी वाया गेली नाही. त्या बारा जणांनी ज्या आनंदाने खाल्लं ते बघून, खरं सांगतो, सोमवारपासून पहिल्यांदा मला सण झाल्यासारखं वाटलं.

पौर्णिमेनंतर मॅडमने सगळ्यांचं रक्त तपासलं. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांची शुगर वर, वजन वर. मॅडम आधी चक्रावली, मग तिचे डोळे चमकले. तिला वाटलं, काहीही कारण नसताना आजार, म्हणजे आजवर कुणाला न दिसलेलं एखादं कारण आहे. दोन दिवस ती जेवायचं विसरून आकडे मांडत बसली होती. मी भुसा बदलताना खाली मान घालून होतो. तिसऱ्या दिवशी तिने पिंजऱ्यातला भुसा हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि विचारलं, काका, भुशाला वेलचीचा वास कसा?

मी सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि वहीतल्या त्या गटाच्या पानावर आडवी रेघ मारली. तो गट तिला पहिल्यापासून करावा लागणार, म्हणजे पोरीचे सहा महिने मी रोटाबरोबर कुस्करले होते. माझी मलाच इतकी लाज वाटली की मी म्हटलं, मॅडम, मी नोकरी सोडतो. तेव्हा ती म्हणाली, नोकरी सोडून उंदीर बारीक होणार आहेत का? मग तिने विचारलं, पण रोट उरले का? मी म्हटलं, भाऊ आला नाही. भाऊ का आला नाही? आता काय सांगू! मी सांगत गेलो, ती ऐकत गेली, आणि शेवटी म्हणाली, काका, तुमच्या भांडणालाही एक कारण नाही, गट पाडून बघा.

तर नाना, मी रविवारी बसून गट पाडले. पहिल्या गटाला नुसती लग्नपत्रिका: निंबाच्या मुलीच्या पत्रिकेत तुमचं नाव माझ्या खाली छापलं गेलं. एवढ्याने फार तर दोन दिवस अबोला. दुसऱ्या गटाला नुसतं कडुनिंबाचं झाड: बांधावरचं झाड मी न विचारता छाटलं. एवढ्याने एक शिवी, संध्याकाळी चहा. तिसऱ्या गटाला नुसतं भरीत: तुमच्या व्याह्यांसमोर मी म्हणालो की नानांच्या भरताला मिरची बेताचीच असते. हे जरा जड आहे, पण पचलं असतं. चौथ्या गटाला तुमचं डोळ्याचं ऑपरेशन: मी भेटायला आलो नाही. इथे मी थांबलो. बाकी तिन्ही कारणं मी हसण्यावारी नेईन, पण हे नेता येत नाही. तुम्ही डोळ्याला पट्टी बांधून जळगावच्या दवाखान्यात पडला होता, वहिनी सांगतात की दारात पाऊल वाजलं की तुम्ही ‘झुलाल का?’ विचारायचात, आणि मी पत्रिकेच्या रागात धुळ्यात बसलो होतो. ते माझं चुकलं, नाना. सरळ चुकलं. त्याला कुठलाही उंदीर आडवा घालत नाही.

कॉलेजने माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. मी लिहिलं की ‘सदर उंदीर नर असल्याने व घरची मंडळी गैरहजर असल्याने त्यांना भाऊबंदकीत घेण्यात आले होते.’ मोठ्या सरांनी तो तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला आणि ‘पुन्हा असे होऊ नये’ असा शेरा मारला. मॅडमने शब्द टाकला म्हणून नोकरी राहिली. नवे बारा उंदीर आले आहेत. त्यांच्याशी मी कामापुरतं बोलतो.

हा असा सगळा प्रकार. कानबाई वेगळी करायची की नाही ते तुम्ही मोठे, तुम्ही ठरवा. ठरवण्याआधी एवढंच बघा की उंदरांना मी तुमच्या जागी बसवलं, कारण जागा रिकामी होती. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि ज्याने मला ब्लॉक केलं त्या नातवाला एक धपाटा.

तुमचा, तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचाच,
झुलाल

ता. क. १: मॅडमने विचारलं की घराण्यात शुगर कुणाला होती? मी बाबांच्या पायाचं सांगितलं, जखम कशी भरलीच नाही ते. ती म्हणाली, मग मोठ्या भावाने अजून तपासलं कसं नाही? तो प्रश्न तसाच तुम्हाला पाठवतो. नाना, उंदीर पिंजऱ्यात असतो, त्याचं कोणीही रक्त काढतं. तुम्हाला पायांनी चालत यावं लागेल. उपाशीपोटी या. मी बरोबर येतो, सुई टोचताना तुम्ही माझा हात धरा, कोणाला सांगणार नाही.

ता. क. २: अकराचे अकरा रोट उंदरांना घातले असं वर लिहिलं आहे, ते खोटं आहे. कॉलेजातही तेच सांगितलं, लताही तेच समजते. घातले सहाच. तुमच्या घरच्या पाच जणांच्या नावाचे पाच हातात घेतले, पिंजऱ्यापर्यंत नेले, पण मला काही ते घालवले नाहीत. घरी ठेवले असते तर लताने पौर्णिमेच्या भीतीने मला खायला लावले असते, म्हणून गुपचूप प्रयोगशाळेच्या बर्फाच्या कपाटात मागच्या बाजूला ठेवले. ते मॅडमला सापडले. तिथे खायचं ठेवायला सक्त मनाई आहे, तेव्हा ती ते स्वतःच्या खोलीवरच्या फ्रीजरमध्ये घेऊन गेली. मी घाबरून म्हटलं की हे बाहेरच्याने खायचे नसतात. ती म्हणाली, काका, खात नाही, राखते आहे. डब्यावर तिने चिठ्ठी चिकटवली आहे, ‘मोठे भाऊ, चोपडा. येणे बाकी.’ पौर्णिमा उलटून महिना होत आला. कानबाईला मी सांगितलं आहे की बाई, थोडं थांब, घरचा माणूस अजून जेवायचा आहे.