माझ्या नावाचा किडा

११ ऑगस्ट, सोमवार
टपरीमागच्या करंजाला कीड लागली. खोडावर बारीक पांढरं जाळं, त्याखाली तपकिरी किडे. शेळ्यांसारखे कळपानं फिरतात. एक गिऱ्हाइकाच्या साडीवर पडला, त्याच्यावर इस्त्री फिरवली. उद्या बाकीच्यांवर फिनेल.

१२ ऑगस्ट
फिनेल राहिलं. समोरच्या सोसायटीतली मैत्री कपडे न्यायला आली, तिनं हातातली बाटलीच काढून घेतली. कॉलेजात किडेच शिकते. म्हणे, इंदुकाकू, हे झाड खात नाहीत, सालीवरचं शेवाळ खाऊन साफ ठेवतात. यांचा अभ्यास कुणी फारसा केलेला नाही, ही जात नवीसुद्धा असेल. रविवारी सरांना आणते.
नवी निघाली तर नाव काय ठेवणार, मी विचारलं.
"ज्यांच्याकडे सापडली त्यांचंही ठेवतात कधीकधी."
फिनेल मोरीत ठेवलं.

१३ ऑगस्ट
इस्त्री मी करते, बोर्डावर 'मच्छिंद्र लाँड्री'. नवऱ्याला सांगितलं, आता पुस्तकात माझं नाव येणार. म्हणाला, "किडा म्हणून?" जेवायला वाढलं नाही. मग वाढलं, नाहीतर पुटपुटत बसतो.
ठरवलं : रविवारपर्यंत कुणावर ओरडायचं नाही. मोठी माणसं ओरडत नाहीत.

१४ ऑगस्ट
ओरडले. चूक गिऱ्हाइकाची.
चौकातल्या यमुनाबाई फुलवालीला बातमी सांगून आले. तिच्या दुकानामागे पण करंजच. नुसतं शेवाळ आणि जाळी. मी म्हटलं, जरा पुसत जा. म्हणाली, असू दे की, मला काय करतंय. अशांचं कधी नाव होत नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार
उद्या सर येणार आणि खोडाचा हा अवतार. झेंडावंदनाला सोसायटीनं झाडं रंगवली, त्यातला गेरू-चुना उरला होता. वॉचमनकडून आणला. काथ्यानं खोड घासलं, जाळी काढली, खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा. आता झाड पाहुण्यांना दाखवण्यासारखं झालं.
किडे दिसत नाहीत. लाजले असतील.

१७ ऑगस्ट
सर आले. भिंग काढलं. खोडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, भिंग खिशात ठेवलं. मैत्री चपलेकडे बघत होती. मी म्हटलं, खास तुमच्यासाठी केलंय.
"रंग छान बसलाय," सर म्हणाले.
चहा घेऊन निघाले. चौकात यमुनाबाईच्या झाडापाशी थांबले ते दुपारपर्यंत.

१८ ऑगस्ट
त्या बाईनं झाडाला जन्मात हात लावला नाही. सरांनी तिचं पूर्ण नाव लिहून घेतलं म्हणे.
मी दिवसभर कुणावर ओरडले नाही. नवरा घाबरला. म्हणाला, बोर्डावर तुझं नाव घालू.
रंग कुठून आणणार, मी विचारलं.
"गेरू उरलाय ना?"