नायिकेची भांडी

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
नभोवाणी केंद्र, नाट्यविभाग

विषय : नायिकेच्या हातची सर्व कामे करण्यातून मला मुक्त करणेबाबत, ते शक्य नसल्यास नायिकेची भूमिकाच मला देणेबाबत.

संदर्भ : बुधवारच्या कौटुंबिक मालिकेत ऐकू गेलेल्या वाक्याविषयी खुलासा मागणारी आपली नोटीस.

महोदय,

"हिला कसले आलेत श्रम? भांडी तर मी घासतेय!"

हे वाक्य माझेच आहे. ते संहितेत नव्हते, हेही मान्य. नायिका माइकपाशी उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "तुमच्यासाठी मला कसले हो श्रम!" आणि तिच्या पाठीमागच्या टेबलाशी बसून मी तिची भांडी घासत होते. मी आपली तोंडातल्या तोंडात पुटपुटले, ते माइकने उचलले. काचेपलीकडचे तंत्रज्ञ तेवढ्यात चहा गाळायला वळले होते, म्हणून ते तसेच ध्वनिमुद्रित झाले आणि बुधवारी रात्री प्रसारितही झाले. त्यांना बोल लावू नये. माणूस भला आहे. खुलासा पुढीलप्रमाणे सादर करते.

१. मी आपल्या केंद्रात ध्वनिपरिणाम सहायक आहे. म्हणजे नायिका झाडते तेव्हा केरसुणी माझ्या हातात असते. ती कपडे आपटते तेव्हा मी आपटते. ती रात्र रात्र शिवणयंत्र चालवते, पाय माझे भरून येतात. तिच्या नवऱ्याने तिला आजवर मारलेल्या सर्व थपडा मी माझ्या मांडीवर मारून घेतल्या आहेत. थप्पड बसल्यावर ती म्हणते, "तुमच्या हाताला लागलं तर नाही ना?" हे ऐकून पुढची थप्पड मी नको तितकी जोरात मारली, हे कबूल करते. मांडी माझीच होती.

२. केंद्राकडच्या भांड्यांचा आवाज माइकवर डब्यासारखा येतो, म्हणून पहिल्या भागापासून मी घरचे पातेले आणते. त्याची एक कडी सैल आहे. खाली ठेवताना ती किणकिणते. निर्मातेसाहेब म्हणाले होते, "वा! अगदी दरिद्री आवाज आहे." मी आभार मानले. दुसरे काय म्हणणार?

३. नायिका या पात्राविषयी माझी तक्रार आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. पुढचे सारे वाचन नायिकेने वाचून टाकून दिलेल्या संहितेच्या कागदांवर केले. म्हणून हे पात्र मला लेखकमहाशयांहून जास्त पाठ आहे. ही बाई दिवसभर राबते, पण तिला भूक लागत नाही. शिंकत नाही. कंबर धरत नाही. चक्कर आल्याशिवाय खाली बसत नाही, आणि चक्करही नवऱ्याच्या पावलांचा आवाज झाल्यावरच येते. (पावलेही माझीच.) मी लेखकमहाशयांना एकदा विनवले की, हिला निदान चतकोर तरी खाऊ द्या. ते म्हणाले, "मावशी, बाई जेवली की श्रोत्यांची सहानुभूती कमी होते." त्या दिवशी मी डबा त्यांच्यासमोर बसून खाल्ला. सगळा.

४. आता मुख्य मुद्दा. नायिकेचे काम करणाऱ्या बाईंचा आवाज सायीसारखा आहे, यात वाद नाही. श्रोत्यांची पत्रे त्यांनाच येतात. मध्यंतरी श्रोत्यांपैकी एका बाईंनी मलमाची डबी पाठवली. सोबत लिहिले होते, "ताई, भांडी घासून तुमचे हात सोलवटले असतील, हे लावत जा." नायिकेच्या बाईंचे हात, महोदय, कापसासारखे आहेत. त्यांनी ते मलम लावले. त्यानंतर त्या माइकपाशी उभ्या राहिल्या की मला त्याचा वास येई आणि माझे चित्त ठिकाणावर राहत नसे. एकदा त्यांनी डबी माझ्या टेबलावर सरकवली. मी कोपराने परत सरकवली. माझे हात सोललेले, पण नाक शाबूत होते.

याला स्टुडिओत कोणी मत्सर म्हणत असेल तर म्हणो. न्हाणीघरात नळ सोडून मी तिचे संवाद म्हणून पाहिले आहेत. आवाजाची चाचणीही दिली होती. निकाल आला : "गर्दीतील बाई, गरज पडल्यास." गर्दीची गरज अजून पडलेली नाही.

५. सबब विनंती की, नायिकेने आपली भांडी स्वतः घासावीत. ते आवाजाला मानवत नसेल तर भूमिका मला द्यावी. मी घासता घासता बोलेन, सवय आहे. दोन्ही शक्य नसेल, तर लेखकमहाशयांना सांगून तिला एकदा, फक्त एकदा, "मी दमले" असे म्हणू द्यावे. आवाज तिचाच असो. माझी हरकत नाही. फारशी नाही.

६. खुलासा पुरा व्हावा म्हणून घरची हकिकत जोडते. आमच्या सासूबाई दर बुधवारी रेडिओला कान लावून बसतात. भांड्यांचा आवाज आला की पदराने डोळे टिपतात. "काय गं बाई राबते ती पोर! नाहीतर आमच्याकडे..." एवढे म्हणून माझ्याकडे बघतात. ते "नाहीतर आमच्याकडे" मी आजवर प्रत्येक घासाबरोबर गिळत आले. आमचे हे ताटात बघतात. मुलगा पाणी आणायला उठतो. माझे काम काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक. बोलत कोणी नाही.

परवाच्या बुधवारी माझे ते वाक्य घरातही ऐकू गेले. जेवणे झाली. मी मोरीत तेच पातेले घासायला बसले. सासूबाई भिंत धरत आल्या. मला वाटले, आता माझी काही धडगत नाही. पातेले खाली ठेवले, कडी किणकिणली.

त्या म्हणाल्या, "हा आवाज मी पहिल्याच दिवशी ओळखला होता. माझ्याच हातातलं पातेलं ते. मग मी कौतुक कुणाचं करत होते, वाटलं तुला? त्या सटवीचं? अगं, तोंडावर म्हणायची जीभच नाही आमच्या घराण्याला. हे घर तू ओढलंस. तूच. आता ऊठ, राहिलेलं तो घासेल." आणि त्यांनी आत बघून आपल्या लेकाला हाक मारली.

आपली, घासूनपुसून नम्र,

(सही)
ध्वनिपरिणाम सहायक
(स्टुडिओत 'खडखडमावशी')
दिनांक : नोटीस मिळाली त्याच दिवशी

सोबत : काही नाही. पातेले पुराव्यादाखल जोडणार होते, पण सासूबाई ते आता घराबाहेर नेऊ देत नाहीत. पुढील भागासाठी केंद्राने आपले पाहावे.